पांढऱ्या गाडीचं बूड

संध्याकाळी मोताळ्याच्या प्रतीक्षाची कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या ऑनलाइन लीगमधली शेवटची शर्यत होती, आणि जिंकायचं तर दोनपैकी एक गाडी दुपारीच ठरवायला हवी होती. निळी शहाण्यासारखी वळायची, पण सरळ रस्त्यावर सुस्त. पांढरी वाऱ्यासारखी पळायची, वळणावर मात्र तिचं बूड फेकलं जायचं. प्रतीक्षानं टायरची हवा कमी केली, मागचे शॉकअप नरम केले. पांढरी काही ऐकेना.

खाटेवर शेंगा सोलत बसलेल्या तिच्या सासूबाई, मंजुळाबाई, म्हणाल्या, "रिकाम्या जीपचं असंच असते बाई. मांगं सोयाबीनचे पोते टाक."

"आत्याबाई, कॉम्प्युटरातल्या गाडीत पोते कसे टाकू?"

"मंग कोनाले तरी बसव!"

"या जी मावशी, बसा मांगं! चिखली, चिखली!" प्रतीक्षा चिखलीच्या शिटा भरणाऱ्या जीपवाल्याच्या सुरात स्क्रीनकडे पाहून ओरडली. दोघी पोट धरून हसल्या.

पुढच्या फेरीत पांढरी गाडी प्रत्येक वळणाला रस्ता धरून गेली. निळीची वेळ तिनं कुठल्या कुठं मागं टाकली! प्रतीक्षा टाळी वाजवणार, तोच तिची नजर गाडीच्या आरशावर गेली. या गाडीला मागं सीटच नव्हती. तरी तिथं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, मांडीवर पिशवी घेऊन, ऐसपैस बसली होती.

"आत्याबाई, तुमीच का हो ह्या?"

"मी कायले? पाहू दे, कोन हाये ते." मंजुळाबाई चष्मा लावून स्क्रीनपाशी वाकल्या.

आरशातल्या बाईनं वर मंजुळाबाईंकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि जरा सरकून शेजारी जागा करून दिली.