आपल्याला

१९८६च्या जूनमधल्या एका सकाळी मोजणीताई किल्लीवाल्याच्या घरी पोचली, तेव्हा न्हाणीघरात कुणीतरी तारस्वरात गात होतं.

"बसा. पोरगी आंघोळ करतेय," आई म्हणाली. "गाणं थांबलं की समजायचं, न्हाणीघर मोकळं. दाराला कडी नाही ना."

कडी कुठल्याच दाराला नव्हती. गावभर कुलुपं बसवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातल्या कड्या उपसून काढल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी बाजारातली इमारत कोसळली. किल्लीवाला तिथे कुलूप बसवत होता आणि मुलगी त्याला डबा द्यायला गेली होती. बापलेक अकरा तास ढिगाऱ्याखाली होते.

अशा अपघातातून वाचलेल्या मुलांचं रोजचं जगणं किती बिघडलंय, ते दवाखाना मोजत होता. त्यासाठी घरोघर फिरते म्हणून ती मोजणीताई. सतरा वर्षांच्या या मुलीला परगावी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. ही एकटी राहू शकेल, असा दवाखान्याचा दाखला वसतिगृहाने मागितला होता. बावीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. वीसच्या वर गेलं की दाखला नाही.

मुलगी ओले केस पुसत समोर बसली. किल्लीवाला उंबरठ्यावर टेकला.

"विचारा काय ते," तो म्हणाला. "नापास झाली तर बापावर गेली म्हणायचं."

तेव्हा फॉर्म सायक्लोस्टाइल केलेले असत, बोटं काळी करणारे. वाक्यं छापल्याबरहुकूम वाचायची, असा दंडक होता.

"बंद खोलीत आपल्याला गुदमरल्यासारखं होतं का?"

मुलीने जरा विचार केला. "हो. नेहमी."

तीन.

"मोठ्या आवाजाने आपल्याला धस्स होतं का?"

"होतं. परवा शेजाऱ्यांनी कपाट सरकवलं, तर ताट पडलं हातातून."

"अपघाताच्या जागी जाणं आपल्याला टाळावंसं वाटतं का?"

"बाजारातून जातच नाही. लांबून वळसा घेतो."

आई कपड्यांच्या घड्या घालत राहिली. एकाच सदऱ्याची तिने तीनदा घडी घातली. किल्लीवाला आता काही विनोद करत नव्हता.

बेरीज एक्केचाळीस झाली. मोजणीताईने पुन्हा केली, तरी एक्केचाळीसच.

"एक्केचाळीस झाले. दाखला नाही मिळायचा गं," ती म्हणाली.

"असू दे. पुढच्या वर्षी बघू," म्हणून मुलगी उठली आणि तिला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे मात्र तिचा बांध फुटला. ओढणीने डोळे पुसत राहिली.

मोजणीताईला राहवेना. "इतकं जायचं होतं का? पण एवढी भीती वाटते तुला, एकटी कशी राहशील?"

"मला? मला कुठे वाटते? मी कुंभकर्णासारखी झोपते. आईला विचारा."

"मग आत्ता काय सांगत होतीस?"

"तुम्ही 'आपल्याला' विचारत होतात," मुलगी गोंधळून म्हणाली. "आपल्याला म्हणजे आमच्या घरातल्यांना, असं वाटलं मला. मग खोटं कसं सांगू?"

मोजणीताई तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. पिशवीतून कोरा फॉर्म काढला आणि नोकरीत पहिल्यांदाच तिने छापलेलं वाक्य बदललं. 'तुला' असं विचारलं. बावीस प्रश्नांना मिळून चार गुण झाले.

"मग घरात नक्की..."

"ते नका विचारू," मुलगी म्हणाली. "कड्या माझ्यासाठी काढल्यात, असंच ठरलंय आमच्यात."

मुलगी दाखला घेऊन नर्सिंगला गेली. पुढे मोठ्या इस्पितळात मेट्रन झाली. हाताखालच्या मुलीच काय, डॉक्टरही तिला वचकून असत. आई म्हातारपणी तिच्याकडे राहिली आणि शेवटपर्यंत तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत राहिली. मोजणीताईने साहेबांशी भांडून पुढचे सगळे फॉर्म 'तुला' असे छापून घेतले.

किल्लीवाल्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षी मुलीला गाडीत बसवून दिलं, त्याच दुपारी तो दवाखान्यात आला होता. मोजणीताईने कोरा फॉर्म पुढे ओढला आणि नाव विचारलं.

"नवा कशाला घेताय, ताई?" तो म्हणाला. "तो एक्केचाळीसवाला मीच."