पाचवा पट्टा

शिवानीने वडिलांच्या मासेमारी बोटीसाठी यंत्र बनवलं. मनगटाला पट्टा बांधलेला माणूस पाण्यात पडला, की बोटीवर भोंगा वाजायचा. प्रोग्राम तिने पायथनमध्ये लिहिला होता. तिला तेवढीच भाषा येत होती. पण चिमुकल्या चिपची मेमरी चार पट्ट्यांतच संपली. बोटीवर माणसं पाच.

"माजा काढ," येसाजी नाखवा लेकीला म्हणाले. "खलाशांच्या घरी जबाब मलाच द्यायचा हाय."

मेमरी कमी खाणारी, पण किचकट अशी सी भाषा शिवानी शिकायला बसली. सगळा प्रोग्राम नव्याने लिहायला दोन महिने गेले. नारळी पौर्णिमेनंतर बोट थळहून निघताना तिने बाबांच्या मनगटाला पट्टा बांधायला घेतला.

त्यांनी हात मागे ओढला. "कुनाचा काढलास?"

"कुणाचाच न्हाय, बाबा. भाषा बदलली."