बॉडी तूच उचल

आठवा बोल्ट काही सुटेना.

हेमराजने पान्यावर पाय देऊन अंगाचा सगळा भार टाकला. पाना सटकला, गुडघा पत्र्यावर आदळला. त्याने बोल्टच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तीन दिवस डिझेल पाजूनही हा एकच अडून बसला होता.

"कटर मारू का, भाऊ?" पलीकडून दीपक वेल्डरने विचारलं.

"हात लावू नको. सुटेल."

"बोल्टवर एवढा राग? घरून भांडून निघालात काय?"

हेमराज हसला नाही. धुळ्यात पारोळा रोडला त्याचं गॅरेज. जुन्या मोटारी तो नव्यासारख्या करतो म्हणून लांबून लोक यायचे. पण ही काळी मोटार अमळनेरहून टेम्पोवर चढून दारात आली, तेव्हा त्याच्या हातातला चहा हातातच गार झाला होता.

याच मोटारीवर त्याचे वडील चुडामणनाना ड्रायव्हर होते.

पन्नास वर्षं झाली. रुईच्या व्यापाऱ्याच्या घरात नवी सून आली, कमलबाई. वरातीहून उतरली तेव्हा डाव्या हातात सोन्याची पाटली, उजव्या हातातली गायब. गाडीत ती, नवरा आणि पुढे नाना. शेठने चोरीचा आळ घेऊन कापसाच्या जिनच्या अंगणात, सगळ्या हमालांसमोर, नानांच्या थोबाडीत दिली.

नाना पळाले नाहीत. उलट त्यांनी तीन दिवस शेडमध्ये बसून मोटार उपसली. सीट काढल्या, तळाच्या फळ्या काढल्या, फटीफटीत हात घातला. बॉडी तेवढी उचलली नाही, ते चौघांचं काम. पाटली मिळाली नाही. शेठने नानांना हाकललं, आणि अपशकुनी म्हणून मोटारही शेडमध्ये कुलपात घातली.

नानांनी पुन्हा कुणाचं स्टेअरिंग धरलं नाही. कुणी दिलंच नाही. आई, भिकुबाई, लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची, आणि संध्याकाळी बांधावर मालकीण तिची ओटी झटकून बघायची. बाकी बायकांची नाही, तिचीच. आठ वर्षांचा हेमराज शेजारी उभा राहून ते बघायचा.

मरताना नाना पुटपुटले होते, "ती गाडी एक दिन तुनाकडे येई. बॉडी तूच उचल. दुसराना हात लागू नको देऊ."

हेमराजने ते शब्द निखाऱ्यासारखे मुठीत जपले होते. पाटली आतच आहे. फळीच्या फटीतून घसरून खाली चासीच्या सांगाड्यावर पडली असणार. नानांना ते ठाऊक होतं, फक्त हात पोचला नाही.

म्हणून गाडी घेऊन आलेल्या कमलबाईंच्या मुलाला, रतिलालला, त्याने एकच अट घातली. "बॉडी उचलेन तेव्हा तुमच्या आई समोर पाहिजेत."

"आईचं काय काम इथे?"

"माझं काम आहे त्यांच्याशी."

आता कमलबाई गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र. डाव्या हातात एकच पाटली. चहा आला तो त्यांनी घेतला. हेमराजने मुद्दाम बशी दिली नाही.

त्याने सुटलेल्या शेवटच्या वायरीला खुणेची चिठ्ठी बांधली. तांब्याची तार, डावीकडून तीन वेढे, टोक आत दुमडलेलं.

"झालं," दीपक करवादला. "आता ही गाठ सोडायला ब्रह्मदेव बोलवा. टोकच सापडत नाही."

"नानांची गाठ शे. ते डावखुरे होते. टोक बाहेर राहिलं तर पुढच्याच्या बोटाला लागतं, म्हणायचे."

कमलबाई हळूच म्हणाल्या, "चुडामणभाऊ स्वभावाने फार मऊ होते."

हेमराज गर्रकन वळला. "मऊ होते? मग थोबाडीत बसली तेव्हा तोंडाला काय झालं होतं तुमच्या?"

"ए, नीट बोल," रतिलाल पुढे आला.

"बोलू दे त्याला," कमलबाई म्हणाल्या. "खरं शे ते. मी नवी नवरी, डोक्यावरचा पदरसुद्धा सावरता येत नव्हता तेव्हा. बोलायला पाहिजे होतं."

हेमराजने पाना उचलला आणि हातोडीने त्याच्यावर असा घाव घातला की छपरावरची कबुतरं उडाली. आठवा बोल्ट किरकिरला आणि फिरला.

दीपक आणि दोघे कारागीर साखळ्यांवर उभे राहिले. चेनपुली कडकडली. बॉडी आधी हलेना, मग म्हाताऱ्या माणसाने उसासा टाकावा तशी चासीवरून सुटली. वीतभर. हातभर. पुरुषभर.

खाली उघडी चासी, पन्नास वर्षांची माती, उंदरांनी आणलेला कापूस. आणि मधल्या आडव्या पट्टीवर, वायरींच्या जुडग्याशेजारी, मातीतून डोकावणारी पिवळी कड.

"आई!" रतिलाल ओरडला. "पाटली!"

कमलबाई उठल्या. धडपडत आल्या, बॉडीखाली वाकल्या, आणि पाहून मटकन खालीच बसल्या. "फटीतून पडली होती गं बाई. इथेच होती." त्यांनी हेमराजचे ग्रीसने माखलेले पाय धरले. "तुझा बाप देवमाणूस होता रे. आम्ही बठ्ठा जन्म चोर म्हटलं त्याला. आता अमळनेरात दारोदार जाऊन सांगते मी."

दीपकने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

हेमराजला आईची झटकलेली ओटी आठवली. तो वाकला, आणि पाटली उचलू लागला.

ती येईना.

"वायरिंगमध्ये अडकली असेल," वरून रतिलाल म्हणाला. "ओढा जरा."

हेमराजने सगळ्यांकडे पाठ केली. अंगठ्याने पाटलीखालची माती सारली. तांब्याची तार हिरवी पडली होती. पाटलीतून ओवून पट्टीच्या भोकातून काढलेली. डावीकडून तीन वेढे.

त्याने टोक शोधलं. ते आत दुमडलेलं होतं. बोटाला लागलं नाही.