भलत्या गालावरची खळी

पिठाच्या पिंपात पडूनही खदखदून हसणाऱ्या बाईचं चित्र एका गमतीच्या पुस्तकासाठी छापून आलं आणि बोस्टनच्या त्या छापखान्यात जो तो हसला. फक्त लाकडी ठसे कोरणारा सायलस हसला नाही.

"एझ्रा, ही तुझी लिडिया ना? खळी भलत्याच गालावर आलीय. ठशावर चित्र उलटं काढायचं असतं, म्हणजे कागदावर ते सुलट उमटतं, विसरलास?"

"विसरलो नाही," चित्रकार एझ्रा म्हणाला.

लिडिया त्याला सोडून पश्चिमेकडे गेली होती. कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण असली गमतीची पुस्तकं फिरते विक्रेते पार तिकडेही दारोदार नेत.

"पुस्तक तिच्या दारी गेलंच, तर तिला ओळख पटायला हवी," ओल्या शाईला बोट न लावता तो म्हणाला. "तिनं स्वतःला आरशातच पाहिलंय. तिथं खळी याच बाजूला असते."