अमेरिकन गाडीचे मालक

तवंदी घाटाच्या दुसऱ्या वळणावर मारुतीरावांची अमेरिकन गाडी आचके देत थांबली आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला.

"तापलीया," ते म्हणाले. जणू गाडीनं काही मोठा पराक्रम केला होता.

मागच्या सीटवर त्यांची बायको राजाबाई बसल्या होत्या. बेळगावच्या दवाखान्यात त्यांची लेक जया बाळंतपणाला अडली होती. सकाळी जावयाचा फोन आला, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, समोर लागलेल्या एस्टीनं निघूया. पण निपाणीतला तंबाखूचा व्यापारी, दारात एवढी थोरली गाडी असताना, एस्टीत उभ्यानं जाणार कसा?

मारुतीरावांनी उतरून बॉनेट उघडलं आणि धोतराचा सोगा सावरत आत बघत उभे राहिले. बघण्यापलीकडे त्यांना त्यातलं काही येत नव्हतं.

"अमेरिकन इंजिन हाय. लई ताकद. आपल्या रस्त्याला सोसत न्हाय."

राजाबाईंना हे सगळं पाठ होतं. जयाच्या वरातीत नवरदेवाच्या भावांनी कोट काढून ही गाडी ढकलली, तेव्हा पेट्रोलात भेसळ होती. अंबाबाईचं दर्शन घेऊन कोल्हापूरहून ट्रकात बसून परत यावं लागलं, तेव्हा मेस्त्री गाढव होता. रस्ता वाईट, पाणी वाईट, ड्रायव्हर वाईट. वाईट नव्हती ती फक्त गाडी. आणि गाडीचा मालक. बाईंनी इतकी वर्षं हे ऐकून घेतलं होतं. आज मात्र त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघताना त्यांना रागसुद्धा येईना. रागासाठी माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो.

खालून एक पांढरी, इवलीशी गाडी वळणावर आली. पुढं जाऊन थांबली, तशीच मागं आली. आतून चष्मा लावलेला तिशीतला माणूस उतरला.

"काय झालं, मारुतीराव?"

मारुतीरावांनी त्याला नीट न्याहाळलं. "तू तानीचा भीमाप्पा न्हवं?"

"व्हय. बेळगावाजवळ मच्छे गावच्या कारखान्यात इंजिनियर हाय. आईला बेळगावला घेऊन निघालोय."

पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर त्याची आई तानुबाई बसली होती. मारुतीरावांच्या वखारीत तिनं उमेदीची सगळी वर्षं तंबाखू झोडपली होती. आता तिच्या अंगावर इस्त्रीचं पातळ होतं. ती उतरली नाही आणि उठल्यासारखंही केलं नाही.

"भीमाप्पा," राजाबाईंनी काचेतून हाक मारली, "जया अडलीया रं. दवाखान्यात हाय."

"मग चला की आक्का. पुढच्या सीटवर तांदळाचं पोतं हाय, ते डिकीत टाकतो. मालक पुढं बसतील."

"ह्यात?" मारुतीराव हसले. त्यांनी बुटाचं टोक पांढऱ्या गाडीच्या चाकाला लावलं. "जपानी न्हवं ही? पत्रा बघ, बोटानं दबंल. शिवायच्या मशीनचं इंजिन बसवलंय. आमच्या गाडीच्या नुसत्या बॉनेटवर चार माणसं पंगतीला बसतील."

"बसतील की," भीमाप्पा म्हणाला. "पण मी ही घेतल्यापास्नं तेल-पाण्याशिवाय कधी बॉनेट उघडलं न्हाय."

"नवं हाय तवर चालंल. जपानी मालाचा काय भरवसा? घाटात दम तोडंल."

"दम तुमच्या गाडीचा तुटलाय," राजाबाई दार उघडून खाली उतरल्या.

"तुला गाडीतलं काय कळतंय?"

"एवढंच कळतंय, की ती चालतीया."

मारुतीराव बायकोच्या जवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "अगं, उद्या बाजारात काय तोंड दावू? तानीच्या गाडीत बसून गेलतो म्हनून सांगू?"

राजाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. पोटची पोर तिकडे जिवाशी झगडत होती आणि हा माणूस बाजाराचा विचार करत होता.

"मग जपानी मालाचं कशाला नाव घेताय?" त्या तेवढ्याच हळू आवाजात म्हणाल्या. "वावडं गाडीचं न्हाय तुमास्नी, गाडीवाल्याचं हाय."

मारुतीरावांनी मान फिरवली. "दुसरी एस्टी येईलच की," ते दरीकडे बघत म्हणाले.

"या तुमी एस्टीनं."

त्या सरळ पांढऱ्या गाडीकडे चालू लागल्या. भीमाप्पानं मारुतीरावांकडे एकदा बघितलं, पोतं होतं तिथंच ठेवलं आणि मागचं दार उघडलं. राजाबाई तानुबाईशेजारी बसल्या. दार लागलं. गाडी कसलाही आवाज न करता वर निघाली.

मागच्या काचेतून मारुतीराव दिसत होते. ते गाडीत जाऊन बसले होते, स्टिअरिंग धरून, ताठ. समोर उघडं बॉनेट उभं होतं, त्यामुळे त्यांना रस्ता दिसत नव्हता. राजाबाईंना किळस आली. अशा माणसाशी आपण संसार केला. बरं झालं सोडून आलो. आपण तसल्या नाही, हे निदान आज ह्या मायलेकांना तरी कळलं, असं त्यांच्या मनात आलं.

वळणावर गाडी कलली. तानुबाई बाहेर बघत होती. बाहेर बघतच ती म्हणाली,

"ऐसपैस बसा, आक्का. जपानी गाडी हाय, बारकी. अंगाला अंग लागायचंच."

राजाबाईंनी खाली बघितलं. त्या दाराला चिकटून बसल्या होत्या. तानुबाईच्या पातळाला लागू नये म्हणून पदर गोळा करून त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. कधी धरला, ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.