कांडीतल्या दोन रेषा

प्रतिभाने वरवंटा उचलला आणि ओट्यावर ठेवलेली कांडी फोडली.

छोट्या पडद्यावर याही खेपेला 'नॉट प्रेग्नंट' उमटलं होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती. साध्या पट्टीवरची पुसट रेघ डोळे ताणून बघायचा तिला वीट आला होता, म्हणून गेल्या दिवाळीपासून हनुमंत या डिजिटल कांड्या मागवायचा. त्यात बघायचं काही नसतं. मशीनच काय ते सांगतं.

प्लास्टिक चिरफाळलं. आत बटणाएवढा सेल होता, हिरवी सर्किटची चकती होती आणि त्याखाली साधी कागदाची पट्टी. प्रतिभा ती खिडकीशी घेऊन गेली. पट्टीवर दोन रेषा होत्या.

"अहो, मशीन खोटं बोलतंय," ती म्हणाली. "आत दोन रेषा हायेत. आत्याबाईंना सांगते."

हनुमंत बूट घालत होता. दौंड स्टेशनात तो सिग्नल खात्यात होता, दुपारची ड्युटी होती. तो उठेपर्यंत तिने भांडगावला सासूबाईंना फोन लावलाही होता. त्याने तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि फोन कापला.

"थांब जरा."

खोक्यात अजून एक कांडी होती. ती घेऊन तो न्हाणीघरात गेला. प्रतिभाला काही कळेना. तो बाहेर आला, कांडी ओट्यावर ठेवली आणि दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले. 'नॉट प्रेग्नंट' उमटलं. मग त्याने स्क्रूड्रायव्हरने ती उघडली आणि आतली पट्टी तिच्या पट्टीशेजारी ठेवली.

त्याच्या पट्टीवरही दोन रेषा होत्या.

"ह्या कांडीत दुसरी रेघ कुणाचीबी उमटती," तो हळू आवाजात म्हणाला. "आतला दिवा तिच्यावर उजेड पाडतो, सेन्सर रंग मोजतो, तवा मशीन सांगतं. आपल्या डोळ्यानं बघून त्यातलं काय कळत न्हाई."

प्रतिभा दोन्ही पट्ट्या पुन्हापुन्हा बघत राहिली. मोबाईल वाजू लागला. सासूबाईंचा फोन होता. दोघांनीही तो उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला.

"तुम्हाला कसं ठावं हे?" तिने विचारलं.

हनुमंत तिथेच फरशीवर बसला.

"दिवाळीतली तू कचऱ्यात टाकली व्हतीस. ती मी उघडली. ड्युटी संपल्यावर पेढे घेतले, तुला सांगायला निघालो, आन् वाटंत मोबाईलवर हे वाचलं. ते पेढे घरी कसे आणायचे? फलाटावरच वाटले. लोकं विचारायची, कशाचे. मी सांगितलं, मुलगी झाली."