घागरभर चिल्लर

पारडं काही केल्या हलेना.

नाणेतुलेसाठी एका पारड्यात दूध संस्थेचे चेअरमन तात्यासाहेब मांडी घालून बसले होते. गळ्यात हार, दोन्ही हातांत पारड्याच्या साखळ्या. दुसऱ्या पारड्यात पेठेनं गोळा केलेली चिल्लर. डबे, पिशव्या, मातीचे गल्ले, सगळं रचून झालं होतं. पण पाच-दहा पैशांची नवी नाणी पत्र्यासारखी हलकी, आणि तात्यासाहेब काही हलके नव्हते. मैदानावरची माणसं माना उंचावून बघत होती. तात्यासाहेबांचं पारडं जमिनीला चिकटून ते चिकटूनच.

"आकारामची घागर आणा," नाणेतुला समितीचा सेक्रेटरी सयाजी ओरडला.

आकारामनं पुढं होऊन दोन माणसांच्या हवाली घागर केली. घागर दानाची नव्हती. विकायची होती.

आकारामची पेठेत पिठाची गिरणी. लग्न झालं तेव्हाच त्यानं बायकोला, तानाबाईला, सांगून टाकलं होतं, "नोटा माझ्या, चिल्लर तुझी." तेव्हापासून गिरणी बंद झाली की गल्ल्यातली चिल्लर ती घागरीत टाकायची. तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं. आकाराम अधूनमधून घागर हलवून बघायचा. जड लागली की "हं" म्हणायचा आणि जेवायला बसायचा. बचतीत त्याचा एवढाच हातभार.

त्या साली कोल्हापुरात सुट्ट्याची टंचाई पडली. दुकानदार सुट्ट्याऐवजी हातावर गोळ्या ठेवू लागले. कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून देऊ लागले. चिल्लरीला भाव आला आणि आकारामच्या अंगात गुजरीतला सराफ संचारला. बँकेचा कॅशियर म्हणाला होता, "नाणी वेगवेगळी करून आणा, मग बघू." तिथं वर काही मिळणारही नव्हतं. किराणा दुकानदार शंभराच्या चिल्लरीला एकशे तीन द्यायला तयार झाला. आकारामनं नाक मुरडलं. हॉटेलवाला चार जास्त म्हणाला. आकाराम "विचार करतो" म्हणाला आणि दळणाला आलेल्या बायकांनाही चिल्लरीचा भाव ऐकवू लागला. शेवटी सयाजी पाच म्हणाला. समितीकडं वर्गणीच्या नोटा होत्या, चिल्लर कमी पडत होती. नाणेतुला झाली की तिथंच मोजायचं आणि नोटा घ्यायच्या, असं ठरलं.

तानाबाई त्या दिवशी बहिणीकडं हुपरीला गेली होती. ती आल्यावर नोटांची चवड तिच्यापुढं ठेवायची, हा आकारामचा बेत.

दोन माणसांनी घागर उचलली, कण्हत पारड्यात ठेवली, आणि पारडं धाडकन खाली आलं. तात्यासाहेब असे झपकन वर गेले की टोपी सावरायला त्यांना साखळी सोडावी लागली.

हलगी कडाडली. माईकवरचा माणूस बेभान झाला. "सगळ्या पेठेच्या चिल्लरीला जमलं नाही, ते एका घागरीनं केलं! दानशूर आकारामभाऊ, स्टेजवर या!"

आकारामला कुणी तरी पुढं ढकललं. डोक्याला फेटा बांधला गेला, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. सयाजी कानाशी लागला. "नोटा तयार हायत. माईकवाल्याला खरं सांगू का?"

आकारामनं समोर बघितलं. आजवर त्याला सगळे "ए गिरणीवाला" म्हणत आले होते. भाऊ कुणी म्हटलं नव्हतं, मग दानशूर तर लांबच. "शंभराला पाच" हे शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात माईक तोंडापुढं आला.

"ह्यात माझं काय न्हाय," तो म्हणाला. "लोकांचं हुतं, लोकांस्नी दिलं."

टाळ्या किती वाजल्या ते त्याला ऐकूच आलं नाही. आपण काय बोललो ते मात्र स्टेजच्या पायऱ्या उतरताना नीट ऐकू आलं. "शिलाई मशीन देऊन फेटा घेणारा जिल्ह्यात मी एकटाच," असं तो पुढं गिरणीत सांगायचा. त्या संध्याकाळी मात्र त्याला हसू येत नव्हतं. घर जवळ आलं तसा फेटा जड होत गेला.

तानाबाई हुपरीहून परतली होती. चुलीपुढं भाकरी थापत होती. फेटा बघून ती कौतुकानं हसली. मग तिची नजर कोपऱ्यात गेली आणि हात थांबला.

"घागर कुटं हाय?"

आकारामनं सगळं सांगितलं. लपवायला डोकं चालतच नव्हतं. "तुझं मशीन मी टाळ्यांवर घालवलं," तो म्हणाला आणि फेटा काढून मांडीवर घेतला.

तानाबाईनं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलू लागले. ती रडतेय असं वाटून आकारामचे डोळे भरून आले. पण ती हसत होती.

"अवं, चिल्लर कवाच गेली! टंचाई पडल्यापासनं थोडी थोडी हुपरीला न्हेते. तिथल्या चांदीवाल्यास्नी मजुरी वाटाय सुट्टं लागतंय. शंभराला सात जास्त देत्यात. मशीनचं पैसं आजच भरून आले."

"मग घागरीत काय हुतं?"

"वर चार मुठी पैसं. खाली गिरणीतलं मोडकं लोखंड. घागर हलकी लागली की तुमी जेवत न्हाईसा, म्हणून भरलं हुतं."

तात्यासाहेबांना आपण नटबोल्टांनी तोललं, हे आकारामच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्याला दरदरून घाम फुटला. "आगं, आता काय करायचं?"

तानाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"इकली असतीसा तर सगळ्यांम्होरं मोजली असती. दान दिलंसा म्हणून वाचलासा. आता उघडून बघितली तरी, चेअरमनला लोखंडानं तोललं ह्ये कोण माईकवर सांगतंय?"